पळसाखालची कव्वाली

खुलताबादच्या डोंगरात रानवाटेवर गाण्याबजावण्याचा महोत्सव भरवायचा, हे शहरातल्या लोकांचं खूळ. पण त्यात माझ्या युसूफमामूंना बसवायचं, हे माझंच डोकं. मी त्या महोत्सवाच्या ऑफिसात कामाला. मामू नाय म्हणत होते. डॉक्टरनं बजावलं होतं, गळ्यावर जोर दिला तर आवाज कायमचा जाईल. त्यात पुढच्या आठवड्यात उरूस, आणि उरसात पहिली कव्वाली आमच्या घरची, आजोबांपासून. मीच मागं लागले. म्हटलं, "मामू, हळू गायचं हो. लोक चालत येतील, ऐकतील, पुढं जातील. त्यात काय एवढं?"

माझ्या शब्दाखातर आले बिचारे.

वाटेवर माइकला बंदी होती. पाखरं बिचकतात म्हणे! वरच्या वळणावर संबळवाले, खाली ओढ्याकाठी एक नाचणारी मुलगी, आणि मधे पळसाखाली सतरंजी टाकून मामू. शेजारी पेटीवर त्यांचा मुलगा झीशान. सकाळपासून लोक येत होते, मोबाइल काढत होते, मामूंचा फोटो घेऊन ओळ पुरी व्हायच्या आत पुढं सटकत होते. एका बाईनं तर चालू गाण्यात विचारलं, "चहा कुठं मिळतो हो?" माझं टाळकंच सरकलं. मामूंनी नुसता सतरंजीचा कोपरा सरळ केला आणि परत गायला लागले. मला ते बघवेना.

माइकच नाही म्हणून साऊंडवाला सुयश रिकामा हिंडत होता. त्याला गाठलं.

"मामूंपुढं जाऊन बस. डोळे मीट, डोल, हात वर कर. भान हरपल्यासारखा. एक थांबला की मागचे थांबतात."

"मला ॲक्टिंग जमत नाय गं सदफ."

"जयंतीत डीजेपुढं बरं जमतं! बस गुमान. मी खांद्याला हात लावेपर्यंत उठू नको."

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. ऐकणाऱ्याला एखाद्या ओळीवर हाल आला, म्हणजे तो खरंच भान विसरून डोलायला लागला, की कव्वालानं ती ओळ सोडायची नसते. माणूस भानावर येईपर्यंत तीच गात राहायची. मधेच तोडली तर त्याच्या जिवाला धोका, असं आमच्यात मानतात. मला हे लहानपणापासून ठाऊक. पण त्या घडीला वाटलं, दोन मिनिटांचा तर मामला आहे.

सुयश बसला, आणि मेल्यानं काय डोलावं! मामू आजोबांनी रचलेली ओळ गात होते, "अब तो पुकार ले, मैं बहोत दूर आ गया." त्यांची नजर सुयशवर गेली आणि चेहराच पालटला. मांडी सावरली, हात उचलला, आणि तीच ओळ वरच्या पट्टीत घेतली. परत घेतली. परत.

लोक थांबले. मागचे त्यांच्या मागं थांबले. चहा विचारणारी बाईसुद्धा फतकल मारून बसली. आमचे मोठे साहेब येऊन कानात म्हणाले, "वा, सदफ, कमाल!" झीशान पेटीवरून डोळे वटारून माझ्याकडं बघत होता. त्याला हाल खराच वाटत होता, पण बापाचा ताणलेला गळाही ऐकू येत होता. मलाही येत होता. तरी मी हलले नाही. खरं सांगू? मला लई मजा येत होती. मनात म्हणत होते, बसा आता, ऐका, अजून ऐका.

मग आवाज चिरकला. मामू थांबले नाहीत. चिरक्या आवाजातच ओळ ओढत राहिले. शेवटी नुसते ओठ हलत होते, मानेच्या शिरा टरारलेल्या, आणि डोळे सुयशवर. तेव्हा कुठं मी धावले आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

शहरात छावणीतल्या दवाखान्यात डॉक्टरनं नळी घालून बघितलं. घशात आत रक्त आलंय, म्हणाले. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. उरूस विसरा. पुढं गाता येईल का, तेही सांगता येत नाही.

बाहेर बाकावर मी सुयशला सगळं सांगितलं. तो बाकावरून उठलाच.

"तुला माहीत होतं? आणि मला बसवलंस?"

"व्हय."

"मी मामूंची माफी मागणार. आत्ताच्या आत्ता."

झीशाननं मामूंना घरी नेलं होतं; दोघं तिथं गेलो. मामू खाटेवर पडले होते. सुयशला बघताच उठून उभे राहिले. तो काही बोलायच्या आत त्याचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले. सुयश रडायलाच लागला, आणि मामू त्याची पाठ थोपटत राहिले.

"मामू, बोलू नका," मी म्हटलं. पण त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानाशी कुजबुजले. आवाज कसला, नुसता श्वास.

"अब्बांपुढं लोकांना हाल यायचा. माझ्यापुढं उभ्या जन्मात कुणाला आला नाय. वाटायचं, आपल्यातच खोट असंल. आज आला, बेटा. आता उरसात झीशान गाईल. माझं झालं."

सुयशनं माझ्याकडं बघितलं. सांग, असं त्याचे डोळे म्हणत होते.  अल्ला, मी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात आबेदामामी आतून आल्या. मागोमाग गल्लीतल्या बायाही आल्या, काय झालं विचारत. मामूंनी आपल्या गळ्याकडं बोट केलं, बोलता येत नाही म्हणून हात हलवला, आणि हसून माझ्याकडं बघितलं. तू व्हतीस ना तिथं, तू सांग.

मामी ओढणी सावरून समोर बसल्या. "झीशान म्हणाला, हाल आला. सांग गं, कसा आला?"

मामूंचा हात माझ्या डोक्यावर होता. सुयशकडं न बघता, त्याला हाल कसा आला ते मी सांगायला लागले.