व्हर्नाच्या चढाचा कॅमशाफ्ट

मित्रांनो, मी कोलोरॅडोच्या डोंगरात राबलेला एक जुना कॅमशाफ्ट आहे. सव्वा हात लांबीचा लोखंडी दांडा आणि त्यावर सोळा उंचवटे, एवढेच माझे रूप. इंजिनात मी फिरलो की एकेक उंचवटा एकेक झडप उघडतो. एकीतून हवा आणि पेट्रोल आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो, आणि मधल्या क्षणी आग पेटते. एवढी मोठी आग माझ्या इशाऱ्यावर ये-जा करते, याचे मला अजूनही नवल वाटते.

१९७१ साली मी ऑरव्हिल हॅच नावाच्या म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात ओबडधोबड पडून होतो. तिथे एके सकाळी व्हर्ना स्टोकली आली. ती डोंगरावरच्या वस्त्यांना टपाल वाटायची. छत्तीस सालच्या फोर्डमध्ये तिने आठ सिलिंडरचे दणकट इंजिन स्वतःच्या हाताने बसवले होते. आता फक्त कॅमशाफ्ट ठरायचा होता. सोबत तिचा थोरला भाऊ डेल्मर होता.

"सगळ्यात मोठ्या उंचवट्यांचा कॅमशाफ्ट घाल," डेल्मर म्हणाला. "गाडी सिग्नलला नुसती उभी राहिली तरी दुकानांच्या काचा थरथरल्या पाहिजेत!"

"आपल्या डोंगरात सिग्नल कुठे आहे रे दादा?"

ऑरव्हिलने चष्मा पुसला. "पोरी, गाडी चालवणार कुठे ते खरं सांग. मनातला रस्ता नको, पायाखालचा सांग."

"ब्याऐंशी टपालपेट्या आहेत. दर पेटीपाशी थांबायचं आणि चढावर पुन्हा निघायचं."

"मग तुला पळ नको, ओढ हवी. झडपा थोडाच वेळ उघड्या ठेवू. इंजिन हळू फिरत असतानाच जोर लावेल. फार पळवलंस तर मात्र लवकर दमेल."

"दमू दे. एवढी पळते कोण?"

"त्यापेक्षा आत एक बैलच बसव की!" डेल्मर खो-खो हसला. व्हर्नाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

ऑरव्हिलने मला सहाणयंत्रावर चढवले. केसाहून बारीक फरक तो बोटाने ओळखत होता. एका जागी त्याने पुन्हा मोजले, पुन्हा घासले, मग कितीतरी वेळ नुसते पाहत राहिला. माझे सारे आयुष्य त्या केसभर फरकात ठरत होते, हे मला तेव्हा कळले नाही.

ते कळले तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात. रात्रभर अवेळी बर्फ पडले होते. व्हर्नाने चाकांना साखळ्या बांधल्या होत्या आणि गाडीची मागची बाजू घरोघरी वाटायच्या, दुकानांच्या जाडजूड सूचीपत्रांनी भरून जड झाली होती. एका वळणावर डेल्मरचा ट्रक घसरून अडकला होता. मागची दोन्ही चाके दरीवर अधांतरी होती आणि डेल्मर आतच बसून होता.

"उतरू नकोस!" व्हर्ना ओरडली.

"उतरतोय कुठला! हललो तरी हा डुलतोय."

तिने साखळदंड दोन्ही गाड्यांना अडकवला. इथे इंजिन जोरात फिरवले असते, तर चाके जागच्या जागी गरगरली असती. हळू फिरताना ते बंद पडले असते, तर ट्रकने आम्हालाही मागे खेचले असते. व्हर्नाने अगदी अलगद क्लच सोडला. साखळदंड ताठ झाला. मी सावकाश फिरत होतो आणि माझ्या प्रत्येक फेऱ्यात आठ स्फोट होत होते. एवढ्या संथपणात एवढे बळ असते, हे मी त्या क्षणी पहिल्यांदा पाहिले. गाडी वीतभर सरकली. मग हातभर. शेवटी ट्रकची चाके रस्त्यावर आली.

डेल्मर उतरला आणि बर्फातच बसला. मग म्हणाला, "माझं काही टपाल आहे का गं?"

व्हर्ना आधी हसली आणि मग रडली.

पुढे बारा वर्षे आम्ही तो चढ चढलो. नंतर तिचे गुडघे गेले आणि गाडी विकली गेली. नव्या मालकाने ती नऊ वर्षे झाकून ठेवली. एके दिवशी हौस आली म्हणून त्याने चावी फिरवली. तेल माझ्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. कोरड्या अंगाने फिरता फिरता माझा एक उंचवटा झिजून सपाट झाला.

तो माणूस खाली मान घालून मला हॅचच्या दुकानात घेऊन आला. ऑरव्हिलची नात लोरेटा आता तिथे काम करते. तिने माझे उरलेले पंधरा उंचवटे एकेक करून मोजले आणि नव्या लोखंडात तोच आकार कोरला. मग तो नवा दांडा माझ्या जागी बसवून, इंजिन सुरू करण्याआधी तिने तेल आतवर खेळवले आणि पहिली वीस मिनिटे स्वतः तिथून हलली नाही.

मित्रांनो, बराच काळ निजलेल्या यंत्राला उठवताना घाई करू नका. त्याच्या सांध्यांत तेल उतरू द्या, त्याला श्वास घेऊ द्या. मी फळीवर पडल्या पडल्या त्या नव्या दांड्याचा आवाज ऐकला. ज्या चढावर मी आता कधीच जाणार नाही, त्याच चढाकडे तो संथपणे, न अडखळता निघून गेला.