सतरा कुंड्या

आमच्या हिने खिडकीत सतरा कुंड्या ठेवल्या होत्या. सगळी जाड पानांची झाडं. नर्सरीवाले त्यांना सक्युलंट म्हणतात. हिने त्यांना आपली नावं दिली होती. एक बुटकं होतं तो टकल्या, एक दुसऱ्याच्या कुंडीत पसरायचं तो आगाऊ, आणि सगळ्यांत जुनी, लालसर काठाची, ती थोरली. लग्नाच्या पहिल्या वर्षी शेजारणीकडून एक पान मागून आणून हिने थोरली लावली. त्याला एकतीस वर्षं झाली.

मला त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. मी पाणीपुरवठा खात्यात चावीवाला होतो. रस्त्यातलं झाकण उचलायचं, लांब चावी खाली घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, की एकेका गल्लीला पाणी सुटतं. साडेपाचला पहिली गल्ली, सव्वासहाला दुसरी. इतक्या वर्षांत एकदाही उशीर केला नाही. ही म्हणायची, "अहो, तुमचा हात नळाचा आहे. माझ्या झाडांपासून लांब राहा. त्यांना तहानेत ठेवावं लागतं."

"मग मला बरं तीनदा चहा विचारतेस?"

"तुम्ही कुठे सक्युलंट? तुम्ही गवत. एक दिवस चुकला की पिवळे."

मग हिचं हृदय थकलं. पायांना सूज आली. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी साठतंय. दिवसाला एक लिटर, चहा-औषधासकट, थेंबभरही जास्त नाही. हे काम मला जमण्यासारखं होतं. मी एक काचेची बाटली घेतली आणि हिच्याच नेलपॉलिशने तिच्यावर लाल रेघ ओढली. सकाळी रेघेपर्यंत भरायची, त्यातूनच दिवस काढायचा. पाय पाण्याने फुगलेले आणि जीभ कोरडी, असं एकाच माणसाचं कसं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण रेघ पाळली. चौदा महिने.

शेवटच्या दिवशी बाटली दुपारी तीनलाच संपली.

"अहो, अर्धा पेला."

"संपलं आजचं. सकाळी नवीन भरतो."

"घोटभर तरी."

"डॉक्टर रागावतील."

ही हसली. म्हणाली, "त्यांना कोण सांगतंय?"

मी ओला कापूस ओठांवरून फिरवला आणि वर्तमानपत्र वाचत बसलो. साडेसातच्या सुमाराला हिने पुन्हा विचारलं. मी नाहीच म्हणालो. नंतर विचारलं नाही. पहाटे मी सवयीने उठलो, बाटली रेघेपर्यंत भरली, घेऊन आत गेलो, तेव्हा ही गेली होती.

पुढे हिच्या मृत्यूचे कागद आणायला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना ती दुपार सांगितली. भला माणूस. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी एखादा पेला दिला असता तरी काही फरक पडला नसता." माझं मन हलकं व्हावं म्हणून म्हणाले. मी घरी आलो. भरलेली बाटली टेबलावर तशीच होती. ओतून देववेना. मी ती सतरा कुंड्यांत वाटली.

दुसऱ्या दिवशीही भरली. मग रोजच भरू लागलो. सकाळी उठून करायला काहीतरी होतं. टकल्याला दोन घोट, आगाऊला दोन, थोरलीला तीन.

पहिले काही आठवडे झाडं टवटवीत दिसत होती. मग पानांना सुरकुत्या पडू लागल्या, बोटांच्या पेरांना पडतात तशा. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी दोन बाटल्या केल्या. टकल्या एका बाजूला झुकला आणि आडवा झाला. आगाऊची पानं हात लावला की गळायची, आत नुसता पाण्याचा फुगा. मी बाटल्या तीन केल्या.

चार महिन्यांनी मेहुणी आली. हिची धाकटी बहीण. बोलायला फटकळ, मनाने नाही. दारातच नाक मुरडून म्हणाली, "भाऊजी, कसला वास येतोय?" मग खिडकीपाशी गेली. तिने वर्तमानपत्र पसरून एक कुंडी उपडी केली. माती काळी, गिच्च. मुळं उकडलेल्या शेवयांसारखी, बोटांत विरघळत होती.

"काय केलंत हो हे? रोज पाणी घालता?"

"सुकत होती."

"सुकत कसली? मुळं कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही. पाण्यात उभी राहून तहानेने सुरकुततात. तुम्ही बघता आणि आणखी ओतता. अहो, माती पार तळापर्यंत कोरडी होऊ द्यायची. मग एकदाच भरपूर घालायचं, खालून वाहून गेलं पाहिजे. आणि पुन्हा कोरडी होईपर्यंत ढुंकून बघायचं नाही. ताईने एवढंही सांगितलं नव्हतं?"

"तिने हात लावू दिला नव्हता."

"शहाणी होती."

तिने एकेक कुंडी उपडी केली. सोळा गेल्या. थोरलीचं खोड वरच्या वितीत अजून टणक होतं. मेहुणीने चाकू पुसून घेतला आणि आत पांढरं-हिरवं दिसेपर्यंत खालून खोड कापलं. तुकडा वर्तमानपत्रावर आडवा ठेवला.

"हा पाच दिवस असाच सुकू द्या. जखमेने खपली धरली की ताईच्या या पोत्यातल्या भरड मातीत खोचायचा. माती कोरडी हं. त्यानंतर दोन आठवडे पाणी नाही. पानं सुरकुततील, मलूल होतील. तुम्हाला वाटेल, मागतंय. द्यायचं नाही. ऐकताय ना, भाऊजी?"

"मागितलं तरी?"

"मागितलं तरी. आता दिलंत तर हीही जाईल."

मी खुर्चीत बसलो. मग मी तिला ती दुपार सांगितली, बाटलीची. चार महिन्यांत डॉक्टरांशिवाय कोणाला सांगितली नव्हती. ती हातातली माती झाडत उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही डॉक्टरांचं ऐकलंत."

"हो."

"आणखी काय करणार होतात?"

मी टेबलावरची बाटली जवळ ओढली. अर्धा पेला देणार होतो, एवढंच उत्तर होतं.

जाताना तिने रेघेची बाटली पिशवीत टाकली. मी अडवलं, तेव्हा बाहेर काढून ठेवली. पण माझ्याकडून वचन घेतलं.

पाच दिवसांनी मी थोरली मातीत खोचली. पहिला आठवडा जमला. मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचो आणि समोरच्या रस्त्यावर फेऱ्या मारायचो. आठव्या दिवशी खालची दोन पानं मऊ पडली. दहाव्या दिवशी लाल काठ आत वळला. मेहुणीचा रोज फोन.

"नाही ना दिलं?"

"नाही."

"शाब्बास. आणखी चार दिवस."

अकराव्या दिवशी दुपारी मी थोरलीसमोर बसलो होतो. पानं इतकी पातळ झाली होती की आरपार उजेड दिसत होता. मेहुणीने सांगितलं होतं ते सगळं मला पाठ होतं. दिलं तर जाईल, हे मला ठाऊक होतं. घड्याळात तीन वाजले.

मी उठलो. बाटली रेघेच्याही वर, गळ्यापर्यंत भरली आणि पूर्ण ओतली. माती काळी झाली. कुंडीखालची ताटली भरून पाणी खिडकीवरून जमिनीवर सांडलं. मी पुसलं नाही.

संध्याकाळी फोन आला.

"नाही ना दिलं?"

"नाही," मी म्हणालो.

"आता तीनच दिवस, भाऊजी. मग जगली समजा."

आठवडा झाला. आज सकाळी खोडाला बोट लावलं, तर बोटाचा खळगा पडला. तो अजून तसाच आहे.