उत्तमचा एक शब्द

बिस्किटाचा भिजलेला अर्धा भाग कपावर लोंबतोय, आता पडेल, मग पडेल... आणि शेवंतीताईंचं लक्षच नाही, त्यांचं बोलणं चाललंय. "देव आपल्या लेकरांना झेपेल तेवढंच ओझं देतो गं, सलोमी." पडलं. चहाचा गाळ झाला. सलोमीला उगाचच बरं वाटलं आणि लगेच स्वतःचाच राग आला — एका बिस्किटावर समाधान मानण्याइतकी मी खाली आले का?

चर्चच्या महिला मंडळातल्या तिघी प्रार्थनेला आल्या होत्या. कळव्यातली ही जुनी बिल्डिंग, लिफ्ट बंद, म्हणजे गुडघे धरत जिने चढून आल्या, प्रेमानेच आल्या. ते तिला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त चीड येत होती. झेपेल तेवढं... कुणाला झेपतं? सकाळी नवऱ्याला कुशीवर वळवताना कमरेत निघालेली कळ अजून थांबली नव्हती. बेल वाजायच्या आधी घाईघाईने बदललेली त्याची चादर मोरीत तशीच पडली होती — वास इथवर येतोय का?

उत्तम खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. ईस्टरनंतर त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरला एकच शब्द. 'नाही.' चहा हवा का? नाही — आणि डावा हात कपाकडे. डॉक्टर म्हणाले, होतं असं, मनात एक असतं, तोंडातून तोच एक शब्द येतो. चर्चमध्ये गाताना ज्याचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा, त्याच्यापाशी नेमका हाच ठेवावा... दुसरा नव्हता?

"डोळे मिटू या," शेवंतीताई म्हणाल्या. "प्रभू, तू उत्तमभाऊंना बरं करणार आहेस."

"नाही," उत्तम म्हणाला.

"तुझ्यावर त्यांचा पूर्ण भरवसा आहे."

"नाही. नाही."

सलोमीने ओठ दातांत धरले. हसू होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. शेवंतीताईंनी आवाज चढवला, उत्तमनेही चढवला, आणि दोघांच्या चढाओढीत कसंबसं आमेन झालं.

"रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभी राहून तू साक्ष दे," डोळे उघडत शेवंतीताई म्हणाल्या. "एवढ्या दुःखातही तुझा चेहरा हसरा असतो. लोकांना धीर येईल."

"नाही," उत्तम म्हणाला.

बायका हसल्या. सलोमी हसली नाही. "ते म्हणतायत तेच," ती म्हणाली. "धीर माझ्याजवळच नाही, ताई. लोकांना कुठून देऊ?"

मग पदर सावरणं, पिशव्या शोधणं... दारात, बाकीच्या दोघी जिना उतरू लागल्यावर, शेवंतीताई चपलेत पाय घालता घालता खाली बघतच म्हणाल्या, "आमचे हे गेले ना, तेव्हा कित्येक महिने मी चर्चची पायरी चढले नव्हते. आजारी आहे म्हणून सांगायचे. तू कुणाला बोलू नकोस."

मग हेच आधी का नाही सांगितलं, बाई? एवढं लांबण लावलंत, आणि कामाचं तेवढं दारात!

दार लावून ती ओट्याशी आली, मेथीची जुडी सोडली. सांगायचे, म्हणे, आजारी आहे. आणि मी? मी तर दर रविवारी जाते, शेजारणीला त्याच्याजवळ बसवून जाते, उठते, बसते, पाठ असलेलं म्हणते... ऐकतोयस ना, प्रभू? त्याच्या गळ्यातली गाणी तुझीच होती. तेवढी तरी ठेवायचीस. मला काही विचारलंस? माणसं पाठवतोस ती वचनं सांगायला; एकीने तरी म्हणावं, सलोमी, तू जरा पड, मी बघते. तुझ्याशी गोड बोलून बोलून माझा घसा दुखायला लागलाय...

हात थांबले. पानं कुठली आणि देठं कुठली, सगळं एकाच ताटात पडलं होतं. झटक्यानंतर इतकं कुणाशीच ती बोलली नव्हती. आता आमेन म्हणावं का? पण आमेन म्हटलं की संपतं, आणि अजून पुष्कळ सांगायचं होतं.