बिनभिंतींची खोली आणि आजींची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी खोली आहे. पण मला ना भिंती, ना दार. मी संगणकाच्या पडद्यावर उघडते. घरोघरची माणसं आपापल्या खुर्चीत बसून माझ्यात जमतात आणि संशोधक ताई त्यांना एखाद्या वस्तूविषयी बोलतं करतात. कंपनीचे साहेब माझ्या आतल्या खोलीतून ऐकतात. ते ऐकताहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त दिसत नाहीत.

घडवणाऱ्यांनी मला शिकवलं, बोलेल त्याचा चेहरा मोठा कर आणि खुडबुड गाळून टाक. मी मनोभावे तेच केलं. "काय स्वच्छ ऐकू येतं!" असं कौतुकही झालं. हल्ली मात्र या मंडळींना माझ्याकडून नेमकं काय हवंय, तेच उमगेना. एक म्हणतो, बोललेलं लगेच लिहून दे. दुसरा म्हणतो, पडद्यावर पसारा नको. ऐकू तरी कोणाचं?

परवा हृदयाच्या गोळ्यांच्या नव्या बाटलीवर चर्चा होती. नमुन्याच्या बाटल्या आधीच घरोघर पोचल्या होत्या. या बैठकीनंतर साहेब झाकण कायम करणार होते.

एक काका सुटलेच. "झकास झाकण! पोरांना उघडणार नाही, मला एका झटक्यात उघडतं!"

रंगलेल्या गाण्याला साथ द्यावी, तसा मी त्यांचा चेहरा पडदाभर केला. आतून साहेबांचा निरोप आला, 'झालं की! आवरा आता.'

ताई कसल्या आवरतायत! "काका, जरा दम खा. आजी, तुम्ही गप्प का?"

कोपऱ्यातल्या चौकटीत आजी मान खाली घालून बसल्या होत्या. "काही नाही गं बाई. तुमचं चालू द्या."

ताईंनी माझं खुडबुड गाळणं बंद केलं आणि आजींची चौकट मोठी केली. मी गांगरलेच. कट्-कट्... कट्... चुकत वाजणाऱ्या टाळासारखा आवाज! आजी वाकड्या बोटांनी झाकणाशी झटत होत्या. मघापासून. आणि तो आवाज मी इमानेइतबारे पुसत होते.

"नाहीच उघडलं, तर काय कराल आजी?"

"काय करणार? छातीत कळ आली की शेजारीण येईस्तोवर देवाचं नाव घेईन."

काका खाली बघू लागले. मग आतल्या खोलीतून एकच ओळ आली, 'हे झाकण रद्द.'

मित्रांनो, मी अजून बुचकळ्यातच आहे. गाळावं काय आणि राखावं काय? मला हात नाहीत, तरी हात जोडून विनवते, माझ्यात जमाल तेव्हा न बोलणाऱ्यापाशी घटकाभर थांबत जा. मला ते अजून येत नाही.