‘इतर’मध्ये अडकलेली माणसं

“दार ओढू नका हं, काका. हात खाली घ्या. घेतलात?”

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. तिने हेडफोन कानावर दाबून धरला आणि समोरच्या पडद्यावर सगळ्यात जवळचा मिस्त्री कुठे आहे ते पाहिलं. दोन चौक सोडून होता. तिने त्याला पत्ता पाठवला.

“घेतला,” काका म्हणाले. “पण मला आधी एक सांगा. तो चौदा आकडी नंबर कुठे असतो? मी तिन्ही भिंती पाहिल्या. चष्मा लावून पाहिल्या.”

“कुठला नंबर?”

“लिफ्टचा. तुमचं अ‍ॅप मागतंय. त्याशिवाय पुढेच जाऊ देत नाही.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

“काका, लिफ्टमध्ये कधी शिरलात?”

“साडेअकराला.”

“आणि फोन आत्ता केलात?”

“अहो, आत पाटी लावलीय ना, ‘प्रथम अ‍ॅप वापरावे’. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. मुलांना नेहमी सांगायचो, प्रश्न नीट वाचा आणि सांगितलंय त्याच क्रमाने सोडवा.” ते हसायला गेले, पण आवाज मध्येच फाटला. “तीनदा सोडवला. तीनदा नापास झालो.”

मिस्त्री पोचेपर्यंत ती त्यांच्याशी बोलत राहिली. कुठला विषय शिकवायचे, वर्गात सगळ्यात खोडकर कोण होतं, घरी कोण वाट बघतंय. लिफ्ट बंद पडली तरी वरच्या फटीतून हवा येत राहते, गुदमरायला होत नाही, हे तिने तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगितलं.

बारा वाजून एकतीस मिनिटांनी मिस्त्रीचा फोन आला.

“ताई, सोडवलं. पायरीवर बसवलंय, पाणी दिलंय. हात कापतायत थोडे, बाकी ठीक आहेत. आणि तो नंबर सापडला बरं का. गच्चीवर आहे. मोटारीच्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूने.”

“म्हणजे अडकलेल्या माणसाने आधी सुटायचं, गच्चीवर जायचं, नंबर उतरवून घ्यायचा आणि परत येऊन अडकायचं.”

“अगदी बरोबर,” म्हणत मिस्त्री खो खो हसला. तिला मात्र हसू आलं नाही.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत ती अकरा वर्षं फोनवर बसत होती. शहरातल्या साडेसहाशे लिफ्टमध्ये जे कोणी अडकत, त्यांना पहिला आवाज ऐकू यायचा तो तिचा. ऑफिसात सगळे तिला हॅलोताई म्हणत. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मात्र सगळ्या लिफ्टमधला फोन नंबर निघणार होता आणि त्याजागी फक्त अ‍ॅपचं चिन्ह लागणार होतं. परिपत्रक तिच्या टेबलाच्या काचेखाली होतं. त्यावर तिने सहीसुद्धा केली होती.

त्या दुपारी तिने ते अ‍ॅप पहिल्यांदा स्वतःच्या मोबाइलवर घेतलं आणि आपणच अडकलोय असं समजून वापरायला लागली. आधी त्याने मोबाइल नंबर मागितला. मग ओटीपी, जो लिफ्टमधल्या तुटक्या रेंजमध्ये येता येता जीव जाईल. मग सोळा तक्रारींची यादी आली: दिवा गेला, पंख्याचा आवाज, बटण दबत नाही, आरसा फुटला. ‘अडकलो आहे’ कुठे दिसेना. ते सतराव्या ओळीतल्या ‘इतर’मध्ये घालायचं होतं. त्यापुढे तो चौदा आकडी नंबर, मग बिघाडाचा फोटो, आणि सहाव्या पानावर पाच चांदण्या: आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? त्या भरल्यावर सातवं पान उघडलं. ‘आपली विनंती नोंदवण्यात आली आहे.’

तिने मोबाइल उपडा ठेवला. मग मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन दहा मिनिटं मागितली. बुधवारी साडेदहाची वेळ मिळाली. मध्ये चार दिवस होते.

तिला काही संगणकावर चित्रं काढता येत नव्हती. तिने जाड कागदाचे मोबाइलएवढे तुकडे कापले आणि त्यावर स्केचपेनने पानं काढायला घेतली. पहिल्यांदा पाच झाली, मग चार. रविवारी संध्याकाळी तिने सासूबाईंना कोठीच्या खोलीत नेलं, डब्यांच्या मधल्या जागेत उभं केलं आणि हातात पहिला कागद दिला.

“आई, तुम्ही लिफ्टमध्ये अडकलात. मी दार लावते आणि दिवा घालवते. या फटीतून उजेड येईल तेवढाच. कागदावर काय करावंसं वाटतं ते करा आणि मोठ्याने बोला.”

“अगं, अडकायचंच होतं तर जरा बऱ्या ठिकाणी तरी अडकवायचंस. इथे कांद्याचा वास मारतोय.”

“बोला, बोला. असंच बोला.”

दार लागलं. मग कागद फडफडला.

“हे लाल दाबायचं, एवढं कळलं. दाबलं. पुढे?”

तिने दाराखालून दुसरा कागद सरकवला.

“चष्मा बाहेर राहिलाय. मोठं लिहायला काय झालं होतं?” मग अक्षर लावत लावत सासूबाई वाचू लागल्या, “आपली... विनंती... नोंदवण्यात... हे कोण बोलतंय? सरकार?”

बाहेर ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिने ती ओळ खोडली. “मग काय म्हणायला हवं?”

“कळलं म्हणावं. हाक मारली की माणूस ‘ओ’ देतं ना, तसं.”

तिने नवा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘कळलं. मिस्त्री निघाले.’ तो आत सरकवला.

“निघाले म्हणजे कुठवर आले?” आतून प्रश्न आला. “तुझा सासरा पण रोज निघालोच म्हणायचा.”

त्यावर तिने मिनिटं लिहिली. तेवढ्यात नवरा बाहेरून आला, चपला काढता काढता त्याने स्वयंपाकघरात डोकावलं.

“आई कुठंय?”

“लिफ्टमध्ये,” मान वर न करता ती म्हणाली.

“ए बाबा, दार उघडू नकोस तू,” कोठीतून आवाज आला. “अजून सात मिनिटं आहेत मला.”

बुधवारी साडेदहाला मोठ्या साहेबांच्या टेबलाभोवती चौघं होती. स्वतः साहेब, बाहेरच्या कंपनीतून आलेला, ते अ‍ॅप बनवणारा तरुण डिझाइनर, तिने आग्रहाने बोलावलेला मिस्त्री, आणि ती. मिस्त्रीने हात दोनदा धुतले होते, तरी ग्रीसच्या रेषा नखांत होत्याच.

साहेबांनीच सुरुवात केली. “हे बघा, फोन जाणार म्हणून तुम्हाला काळजी वाटणं साहजिक आहे. इतकी वर्षं तुम्ही बसलायत तिथे. तुमचं काय करायचं ते आम्ही बघू ना.”

तिने ऑफिसातला जुना रेकॉर्डर टेबलावर ठेवला.

“साहेब, आधी हे ऐका. गेल्या महिन्यातले सहा फोन. प्रत्येकाचे पहिले दहा सेकंद.”

तिने बटण दाबलं.

“हॅलो? कोणी आहे का?”

“अहो, ऐकू येतंय का तिकडे?”

“आम्ही दोघी आहोत इथे. आई घाबरलीय.”

“आजी, फोन लागला! रडू नको ना, लागला फोन.”

“मी... मी आत आहे.”

सहाव्या फोनवर कोणीतरी फक्त हॅलो म्हणत होतं. दहा सेकंदांत सात वेळा.

साहेबांच्या हातातलं पेन फिरायचं थांबलं होतं.

“यात एकानेही लिफ्टचा नंबर सांगितला नाही,” ती म्हणाली. “कसली तक्रार तेही नाही. ते एकच विचारतात, कोणी आहे का. आपलं अ‍ॅप त्याला ‘ओ’ देतं ते सातव्या पानावर. तेही चांदण्या दिल्यानंतर.”

साहेबांनी खिशातून आपला मोबाइल काढला. अ‍ॅप उघडलं. ओटीपी आला, कारण केबिनमध्ये रेंज चांगली होती. त्यांनी यादी वरून खाली नेली, खालून वर आणली, मग चष्मा कपाळावर सरकवून परत खाली नेली.

“‘इतर’,” मिस्त्री हळूच म्हणाला.

साहेबांनी ‘इतर’ दाबलं. “आपल्या या बिल्डिंगच्या लिफ्टचा नंबर काय?”

“गच्चीवर आहे, साहेब,” मिस्त्री म्हणाला. “आणू का?”

साहेब त्याच्याकडे बघत राहिले आणि मग असे काही हसले की बाहेरच्या टेबलांवरची दोन डोकी वर झाली. हसू ओसरल्यावर त्यांनी डिझाइनरकडे पाहिलं. तो मात्र कानापर्यंत लाल झाला होता.

“मला जी यादी मिळाली होती, सर, तिच्यात ‘अडकणे’ नव्हतंच,” तो म्हणाला. “देखभालीच्या सोळा तक्रारी होत्या. मी त्या मांडल्या. अडकणं म्हणजे नेमकं काय होतं, ते मी कोणाला विचारलंच नाही.”

तो हे बोलला तशी तिने पिशवीतून कागदाची तीन पानं काढली आणि साहेबांसमोर न ठेवता त्याच्यासमोर ठेवली.

पहिल्या पानावर एकच मोठं लाल बटण होतं: ‘अडकलो आहे’. दुसऱ्यावर: ‘कळलं. मिस्त्री निघाले. सात मिनिटं. दार ओढू नका, हवा भरपूर आहे.’ तिसऱ्यावर: ‘मिस्त्री दाराशी आले.’

“पत्ता?” डिझाइनरने विचारलं.

“तो घरी बसून भरून घ्यायचा. अ‍ॅप घेताना, माणूस शांत असताना. एकदाच. आणि नेट नसेल तेव्हा हे बटण साधा मेसेज पाठवेल. मेसेज जातो लिफ्टमधून, मी आपल्या खालच्या लिफ्टमध्ये उभी राहून पाहिलंय.”

त्याने दुसरा कागद उचलला. उलटा करून पाहिला. “ताई, या पानावर एकही बटण नाही. राहिलंय का?”

“राहिलेलं नाही, ठेवलंच नाही. बटण दिसलं की घाबरलेला माणूस ते दाबत बसतो. त्याला आता काही करायचं नाहीये. जे करायचंय ते आपण करायचंय.”

डिझाइनरने वही ओढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मग त्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “इथे मिस्त्रींचं नाव आणि फोटो टाकला तर? म्हणजे कोण येतंय ते कळेल.”

“फोटो?” मिस्त्री दचकला. “माझा?”

“दाढी करा आता रोज,” साहेब म्हणाले. मग डिझाइनरकडे वळून त्यांनी विचारलं, “किती दिवस लागतील?”

“आठ आठवडे. ताई रोज दोन तास माझ्याबरोबर बसल्या तर सहा.”

“नवे स्टिकर छापायला गेलेत ना? थांबवा ते. हे तयार होईपर्यंत फोन नंबर हलणार नाही.” साहेबांनी तिने आणलेली टिपणाची चार पानं जवळ ओढली आणि उभ्या उभ्या चाळायला लागले. शेवटच्या पानावर ते थांबले. परत बसले. तिथे दोनच ओळी होत्या, तिच्याच गोल अक्षरात. त्यांनी त्या मोठ्याने वाचल्या. “‘हे अ‍ॅप नीट चाललं तर दिवसपाळीला फोनवर स्वतंत्र माणूस लागणार नाही. येतील ते थोडे फोन मिस्त्रींच्या ऑफिसात घेता येतील.’”

मिस्त्रीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“दिवसपाळीला तुम्हीच असता,” साहेब म्हणाले.

“हो.”

“हे लिहायला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही. पण खरं आहे ते. फोन काढायला माझी कधीच ना नव्हती, साहेब. फक्त माणसाची हाक कुठेतरी पोचायला हवी.”

“मग तुम्ही बसणार कुठे?”

“अकरा वर्षं बसलेच आहे की,” ती म्हणाली. “आता जरा उभं राहायचंय.”

साहेबांनी शेवटचं पान घडी घालून खिशात ठेवलं. बाहेर जिन्याशी आल्यावर मिस्त्रीने शर्टाला हात पुसला आणि तिच्यापुढे केला. तिने तो हातात घेतला. चांगला दणकून हलवला.

सहा आठवड्यांचे सात झाले, पण अ‍ॅप आलं. पहिला महिना तिने मिस्त्र्यांबरोबर फिरायचं, माणसं ते कसं वापरतात ते बघायचं आणि डिझाइनरला सांगायचं, असं साहेबांनी ठरवून टाकलं. पहिले तीन दिवस एकही लिफ्ट बंद पडली नाही. मिस्त्री म्हणाला, ताई, तुमचा पायगुण वाईट.

चौथ्या दिवशी दुपारी चारला दोघं चहा पीत असताना मिस्त्रीच्या मोबाइलवर लाल ठिपका लागला. चहा तसाच टाकून ते निघाले. सहा मजली बिल्डिंग होती, लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. मिस्त्री वर गच्चीवर गेला, तिला दुसऱ्या मजल्याच्या दाराशी उभं करून. वरून घरघर ऐकू आली, पिंजरा इंच इंच खाली आला आणि थांबला. मिस्त्री धापा टाकत जिना उतरून आला, चावी घातली. ती एक पाऊल पुढे सरकली.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“कधी बघितलं नाही रे हे,” ती म्हणाली. “दार उघडताना.”

त्याने चावी फिरवली, दोन्ही हातांनी दार सारलं.

आत चाळिशीची एक बाई होती. खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायाशी भाजीची पिशवी, आणि त्या पिशवीतून बाहेर पडून घरंगळलेले दोन टोमॅटो. हातातल्या मोबाइलचा उजेड तिच्या हनुवटीवर होता. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग मिस्त्रीच्या तोंडाकडे, मग परत पडद्याकडे.

“फोटोतले तुम्हीच की,” बाई म्हणाली. “सात मिनिटं लिहिलं होतं, सहाच झाली.”

तिने टोमॅटो उचलले, पिशवीत टाकले आणि बाहेर आली. तिचे हात कापत नव्हते. मिस्त्रीचे आभार मानताना तिचं लक्ष शेजारी उभ्या असलेल्या, हातात काहीच नसलेल्या बाईकडे गेलं.

“तुम्हाला वर जायचं होतं का?”

मिस्त्री तोंड उघडून काही सांगणार, तेवढ्यात हॅलोताईने पाठीमागून त्याचा शर्ट ओढला.

“जिन्याने जा हो,” बाई आपुलकीने म्हणाली. “या लिफ्टचा काही नेम नाही.”

“हो,” ती म्हणाली. “जिन्यानेच जाते.”