आंद्रिसची डावी बाजू

आंद्रिसला पुढच्या हंगामासाठी ठेवायचं की सोडायचं, हे वीणाने गुरुवारपर्यंत सांगायचं होतं.

रियाधमध्ये आइस हॉकी म्हटलं की सांगलीची माणसं हसायची. वीणाची आई तर फोनवर अजून विचारायची, "अगं, त्या वाळवंटात बर्फ टिकतो तरी का?" पण अल सुलैच्या गोदामांच्या रांगेत, एका जुन्या शीतगृहाच्या जागेवर खरोखरच रिंक, म्हणजे बर्फाचं बंदिस्त मैदान, उभी राहिली होती आणि व्यावसायिक लीग सुरू झाली होती. वीणा त्यातल्या एका क्लबची विश्लेषक होती. सामन्यांचे व्हिडिओ बघायचे, प्रत्येक खेळाडूने काय केलं ते टिपायचं आणि मॅनेजरला सांगायचं. पुण्यात ती क्रिकेटसाठी हेच काम करायची.

आंद्रिस लॅटव्हियाचा. पस्तिशी ओलांडलेला, युरोपातल्या लीग गाजवून आलेला. जागा बचावपटूची, पण वृत्ती हल्ला करायची. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, काठीला लागली की हा पुढे सुसाट निघायचा. निम्मे गोल त्याच्या पासवरून व्हायचे. शहरभर क्लबच्या फलकांवर त्याचाच चेहरा होता. मॅनेजर माजिद म्हणाला होता, "मॅडम, मला फक्त एवढं सांगा, वय झालंय की नाही?"

आकडे म्हणत होते, नाही. प्रतिस्पर्ध्यांचा एखादा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असला की आंद्रिस पूर्वीइतकाच घातक होता. पण दोन्हीकडे सारखी माणसं असताना, तो बर्फावर असला की क्लबवर गोल चढत होते. म्हातारा झाला, पाय जड झाले, असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण पाय जड झालेले नव्हते. वीणाने त्याचा वेग तपासला होता.

मग तिने एकेक गोल मागे नेऊन पाहिला, आणि तिसऱ्या की चौथ्या गोलाला तिने व्हिडिओ थांबवला.

आंद्रिस रिंकभोवतीच्या कठड्याच्या, म्हणजे फळीच्या, डाव्या कडेने खेळायचा. समोर तोंड असेल तेव्हा डावीकडे नुसती फळी आणि सगळं मैदान उजवीकडे. तेव्हा तो बिनचूक. पण पक त्याच्या मागे, स्वतःच्या कोपऱ्यात गेला की त्याला वळावं लागे. वळला की फळी उजवीकडे आणि मैदान डावीकडे. नेमक्या त्या वेळी डावीकडून येणारा माणूस त्याला दिसतच नसल्यासारखा तो वागायचा. कोपऱ्यात जाताना कुठलाही मुरलेला बचावपटू दोन्ही खांद्यांवरून मागे बघतो. गेल्या वर्षीच्या व्हिडिओत आंद्रिसही बघत होता. या वर्षी तो फक्त उजवीकडे बघत होता. आणि हल्ल्याच्या वेळी मधोमध उभं राहायची जुनी जागा सोडून डावी कड त्याने स्वतःच मागून घेतली होती, हे प्रशिक्षकाने तिला सहज बोलता बोलता सांगितलं होतं. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी ती काचेपाशी जाऊन उभी राहिली. आंद्रिस डाव्या अंगाने तिच्यासमोरून गेला. तिने हात हलवला. त्याने पाहिलं नाही. परत आला तेव्हा ती उजव्या अंगाला होती. "गुड मॉर्निंग, वीणा!" तो दुरूनच ओरडला आणि हसला. ती हसली नाही.

क्लबचा फिजिओ शारीक दापोलीचा. परक्या मुलखात मराठी बोलायला मिळतं म्हणून दोघांचा चहा रोज एकत्र व्हायचा.

"शारीक, आंद्रिसला डावीकडचं दिसतं का रे?"

शारीकच्या हातातला कप ओठांपाशीच थांबला. "असं का विचारताय, वीणाताई?"

"दिसतं का?"

"वैद्यकीय तपासणीत पास झालाय तो. तुम्ही आपले आकडे बघा ना. डोळ्यांचं कशाला?" एवढं बोलून तो उठला. चहा तसाच राहिला.

घरी तिने नवऱ्याला, सुमीतला सांगितलं. सुमीतची बँकेतली नोकरी उन्हाळ्यात गेली होती. आता तो आणि त्यांची आठवीतली मुलगी दर्शना, दोघांचाही इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वीणाच्या नोकरीवर टांगलेला होता. तो कांदा चिरता चिरता ऐकत होता.

"तू डॉक्टर आहेस का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग? तुझा अंदाज चुकला तर एका नामांकित खेळाडूची बदनामी केली म्हणून तुलाच घालवतील. मग आपण सगळेच विमानात. दर्शनाची शाळा अर्ध्यावर."

आतून दर्शना ओरडली, "बाबा, व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही!" दोघंही एकदमच म्हणाले.

"आणि अंदाज बरोबर असला तर?" वीणा हळू आवाजात म्हणाली. "मागून कोणी आदळलं तर मान मोडेल त्याची, सुमीत."

सुमीत पुन्हा कांदा चिरायला लागला. तोही घाबरला होता आणि तिला ते दिसत होतं.

बुधवारी दुपारी धुळीचं वादळ उठलं. टॅक्सी मिळेना. वीणा आणि शारीक दाराशी तोंडाला रुमाल लावून उभे असताना आंद्रिसची मोठी गाडी समोर येऊन थांबली. "बसा, मेट्रोपर्यंत सोडतो."

काय सांगून नाही म्हणावं हे वीणाला सुचेना. ती पुढे बसली, शारीक मागे. आंद्रिस खुशीत होता. शुक्रवारच्या सामन्याबद्दल बोलत होता, आपल्या मुलांनी बर्फावर आपली नक्कल कशी केली ते सांगत होता. रोज सकाळी तोच मुलांना शाळेत सोडतो, असंही त्याने सांगितलं. मैदानावरच्या कोपऱ्यांचाच विचार करताना, हा माणूस गाडी चालवतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सर्व्हिस रोड संपून गाडी रिंग रोडला लागत होती. वाहतूक डावीकडून येत होती. हवा पिवळी झाली होती, आणि त्या पिवळ्यातून एक लांबलचक ट्रेलर दिवे लावून येत होता. वीणाला तो स्पष्ट दिसत होता. आंद्रिसने मान किंचित हलवली, इंडिकेटर दिला आणि गाडी डावीकडे घातली.

तिला ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना.

"लेफ्ट! आंद्रिस, लेफ्ट!" मागून शारीक किंचाळला.

आंद्रिसने गाडी झटक्यात उजवीकडे ओढली. ट्रेलरचा भोंगा कानातून आरपार गेला. डाव्या बाजूचा आरसा कडकन तुटून मागे उडाला. गाडी रस्त्याच्या कडेच्या मुरुमावर घसरत जाऊन तिरकी थांबली. काचेवर धूळ आपटत राहिली.

शारीक क्षणात ओरडला होता. काय घडू शकतं हे आधीपासून माहीत असलेला माणूसच इतक्या चटकन ओरडतो. वीणा मागे वळली. शारीकने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला होता.

"किती दिवस झाले?" तिने मराठीतच विचारलं.

"हंगामाच्या सुरुवातीपासून, ताई. त्याने शपथ घातली होती. मी बोललो असतो तर त्याची नोकरी गेली असती, आणि लपवलं म्हणून माझीही."

आंद्रिसला भाषा कळत नव्हती, पण विषय कळला होता. त्याने इंजिन बंद केलं.

"गेल्या वर्षी डोक्याला मार लागला होता," तो म्हणाला. "त्यानंतर सुरू झालं. डावीकडचं जग पुसल्यासारखं होतं. तपासणीला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतात, ती मी वाचतो. बाकी कोणी काही विचारत नाही." तो थांबला. "वीणा, मला दुसरं काही येत नाही. सहा वर्षांचा असल्यापासून मी एवढंच करत आलोय. फक्त हा हंगाम जाऊ दे. नंतर मी स्वतःच सोडतो."

"तुमची मुलं या गाडीत बसतात," वीणा म्हणाली.

त्याने मान खाली घातली. पण थोड्या वेळाने वर बघून म्हणाला, "तू लिहिलंस तर मी संपलो." त्याच्या नजरेत विनवणी होती आणि राग होता, आणि त्या रागाचीही तिला भीती वाटली.

उरलेला रस्ता शारीकने गाडी चालवली.

घरी आल्यावर तिने सुमीतला सगळं सांगितलं. या वेळी तो तुझी नोकरी, माझा इकामा असं काहीच म्हणाला नाही. त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "जा. जे होईल ते बघू."

गुरुवारी सकाळी ती वेळेआधीच माजिदच्या खोलीबाहेर उभी होती. आत जाऊन तिने लॅपटॉप उघडला आणि कोपऱ्यातले गोल एकामागून एक लावले. आधी गेल्या वर्षीचे, मग या वर्षीचे. शेवटी कालचा रस्ता सांगितला. शारीकचं नाव तिने घेतलं नाही.

माजिदने उठून दार लावलं.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"सध्या तुम्हाला आणि मला."

"मॅडम, मी तुम्हाला त्याच्या खेळाबद्दल विचारलं होतं. डोळ्यांबद्दल नाही."

"हा खेळच आहे, सर. तो वाईट खेळत नाहीये. जे दिसतं त्यावर तो अजूनही लीगमधला सगळ्यात चांगला खेळतो. पण अर्धं मैदान त्याला दिसतच नाही." तिने श्वास घेतला. "आणि तुम्ही उद्या त्याला उतरवलंत, तर मी इथून थेट लीगच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. मग माझं काय करायचं ते करा."

असं काही आपण बोलू हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. माजिद खिडकीपाशी गेला. बाहेर गोदामांच्या पत्र्यांवर कालची धूळ साचली होती. तो तसाच पाठमोरा उभा राहिला. वीणाच्या मनात सामान बांधून झालं होतं, दर्शनाचा शाळा सोडल्याचा दाखलाही काढून झाला होता. मग तो वळला आणि म्हणाला, "तो कोपऱ्यातला शेवटचा गोल पुन्हा लावा."

तिने लावला. माजिदने तो दोनदा पाहिला, खुर्चीत बसला आणि फोन उचलून डॉक्टरांना बोलावलं.

आंद्रिसला त्याच दिवशी इस्पितळात नेलं. त्याचे डोळे ठणठणीत निघाले. दोष मेंदूत होता. उजव्या बाजूला मागे एक गाठ वाढत होती. कर्करोगाची नव्हती, पण वाढतच चालली होती, आणि गेल्या वर्षीच्या माराशी तिचा काही संबंध नव्हता. तो ज्याला आपल्या खेळाचा शेवट समजून लपवत होता, त्यानेच त्याचा जीव घेतला असता. पुढच्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. त्या दिवशी वीणाने एकही व्हिडिओ उघडला नाही. शारीक आणि ती चहा समोर ठेवून नुसती बसून राहिली. संध्याकाळी फोन आला की तो शुद्धीवर आला आहे, बायकोला नावाने हाक मारतो आहे. डावीकडची दृष्टी मात्र फारशी परत येणार नव्हती.

शारीकने स्वतःहून माजिदला खरं सांगितलं. त्याला काढलं नाही, पण कडक समज मिळाली, आणि त्याने ती मुकाट्याने घेतली. वीणाची नोकरी टिकली. तरी कितीतरी दिवस माजिदचा फोन आला की तिला वाटायचं, आता काढणार.

महिन्याभराने आंद्रिसची बायको इल्झे त्याचं सामान न्यायला रिंकवर आली. उंच, शांत बाई. तिने काठ्या आणि स्केट गाडीत ठेवले आणि मग वीणाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"तो अजून तुझ्यावर चिडलेला आहे," ती म्हणाली. "तुझं नाव काढलं की खोलीतून उठून जातो."

"साहजिक आहे."

"मी चिडलेली नाही." इल्झे खुर्चीत बसली. "मुलांना मी गाडीत मागे उजवीकडेच बसवत होते. दोघांनाही. एकमेकांना चिकटून. डावीकडची सीट रिकामी. आंद्रिसने एकदा विचारलं, असं का? मी म्हटलं, तिथे ऊन येतं."

वीणाने लॅपटॉप मिटला.

"मला माहीत होतं," इल्झे म्हणाली. "रोज सकाळी दारात उभी राहून गाडी जाताना बघायचे आणि ते शाळेत पोचल्याचा मेसेज येईपर्यंत तशीच उभी राहायचे. पण विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खरं बोलला असता."

तिचे खांदे हलायला लागले. वीणाने उठून दार लोटलं, खुर्ची ओढून तिच्याजवळ आणली आणि बसली. बाहेर संघाचा सराव सुरू होता. पक फळीवर आपटल्याचा आवाज भिंतीतून येत होता, आणि प्रत्येक आवाजाला दोघी दचकत होत्या.