शीतलनाथांची सरळ दोरी

अहो, काय ती गर्दी! उदगीरकडून जीपा भरभरून येत होत्या, बिलोलीकडून टेम्पो. आमच्या मारुतीच्या ओट्यावर शीतलनाथ महाराज बसलेले. भक्तानं पाण्याचा तांब्या पुढं करायचा, महाराजांनी त्यात ओंजळभर अंगारा ढवळायचा, की पाणी गारेगार! भर उन्हात! बाया तांब्या गालाला लावून "माय गं!" म्हणत डोळे मिटायच्या. मी गावात दूध गोळा करतो, मापल्याशिवाय कुणाचं खरं धरत न्हाई. पण माझ्याही तोंडून "आयला" निघालंच.

दुसरा चमत्कार बाजूलाच मांडलेला. तीन कुंड्यांत मका. पहिल्या कुंडीला एक चिमूट अंगारा, दुसरीला दोन, तिसरीला तीन. वरून दोरी ताणली की तिन्ही शेंड्यांना बरोबर टेकायची.

"देवाचा हिशेब सरळ असतो, बेटा!" महाराज गरजायचे. "वाकडा असतो माणूस! अंगारा दुप्पट, कृपा दुप्पट!" अंगारा फुकट नव्हता, हे सांगायला नको.

साखराबाईचं घर एका म्हशीवर चालतं. म्हशीचं दूध आटलेलं. महाराज तिला म्हणाले, "पौर्णिमेला म्हैस घेऊन ये. पेंडीत पायलीभर अंगारा चार. चिमटीत एवढी कृपा, मग पायलीत किती!"

"साखरामावशी, कायबी चारू नको जनावराला," मी म्हणालो.

"तू गप रं ग्यानबा! तुला देवाधर्माचं काय कळतंय?"

तिची नात सुकन्या आठवीत. तिनं रडत ही गोष्ट शाळेत बुद्धप्रिया मॅडमना सांगितली. मॅडम गणित शिकवतात. त्यांनी वादबिद घातला न्हाई. सगळ्या पोरांना फुटके डबे आणायला लावले, मका पेरायला लावला. कुणी अंगारा चिमूटभर घातला, कुणी पाच चिमटी, कुणी मूठभर. अंगाऱ्याला काय तोटा? घरोघरी पुड्या पडलेल्या.

मका वाढल्यावर वर्गाच्या भिंतीवर गेरूनं दोन रेघा मारल्या. आडव्या रेघेवर अंगारा, उभ्या रेघेवर रोपाची उंची. ज्यानं त्यानं आपल्या रोपाची टिकली चिकटवायची. मी दूध द्यायला गेलो अन् तिथंच रेंगाळलो.

पहिल्या टिकल्या चढत गेल्या. "सरळच हाय की, मॅडम!" पोरं ओरडली.

"दम धरा. सगळ्यांच्या लागू द्या."

पुढच्या टिकल्या चढता चढता थबकल्या, मग खाली घसरल्या. मूठभरवाल्यांची रोपं तर करपून जमिनीला टेकलेली.

"ही तर कमान झाली!"

"टिकल्या थोड्या इकडंतिकडं होणारच," मॅडम म्हणाल्या. "कुणी पाणी घालायला विसरलं, कुणाची माती चांगली. घोळका कुठं चाललाय ते बघायचं. आता सांगा, आधी वाढवतं अन् जास्त झालं की जाळतं, असं काय असतं?"

सुकन्या म्हणाली, "खत."

पौर्णिमेला म्हैस हळदकुंकू लावून उभी. टोपल्यात पेंड अन् अंगारा कालवलेला. तेवढ्यात पोरं डबे घेऊन आली अन् महाराजांच्या कुंड्यांपुढं रांगेनं मांडून बसली. सुकन्यानं कुंड्यांवरची दोरी तशीच सरळ पुढं डब्यांवर ताणली. करपलेली रोपं दोरीच्या कितीतरी खाली.

"श्रद्धा कमी पडली!" महाराज कडाडले.

"मग चिमूटभरवाल्यांची कशी वाढली, महाराज? पेरणारी पोरं तर एकाच वर्गातली," मॅडम म्हणाल्या, अन् पट्टशिष्य शेषेरावांकडं वळल्या. "काका, फवारणीच्या वेळी पंपात युरिया विरघळवला की पंप पाठीला कसा लागतो?"

"कसा म्हंजे? गार…" शेषेराव बोलता बोलता थांबले. अहो, त्या गर्दीत पंप पाठीवर न घेतलेला बाप्या सापडला नसता! अन् तरी तेच गार पाणी तांब्यात दिसलं की सगळे आडवे पडलेले. राखेत युरिया कुटून घातलेला अन् वास लपवायला कापूर, बस्स.

"अन् युरियाचं पाणी प्यालेलं जनावर कुणी पाहिलंय?"

पाहिलं होतं सगळ्यांनीच, फेस गाळत तडफडून मेलेलं.

म्हशीनं टोपल्यात तोंड घातलंच होतं. साखराबाईनं दावं असं हिसकलं की म्हैस दोन पावलं मागं आली. मग मावशी तडक महाराजांपुढं गेली. हातात त्याच पेंडीची मूठ.

"कृपा हाय न्हवं ही? खा तुमी आधी."

महाराज म्हणाले, "आज माझा उपवास आहे."

काय हसू फुटलं म्हणता! पोलीस येईपर्यंत शेषेरावांनीच गुरूंना ओट्यावरून उठू दिलं न्हाई.

परतताना साखराबाई हळूच मला म्हणाली, "ग्यानबा, मग चिमूटभर चारू का रं?"

आता कपाळ बडवून घेऊ की काय! "अगं माय, ओला चारा घाल, जनावरांच्या डॉक्टरला दाखव!"

अन् तुम्हालाही हात जोडून सांगतो. कुणी तीन ठिपके दाखवून सरळ रेघ ओढली, की चौथा मागा, दहावा मागा. त्याला राग आला तरी मागा. रेघ वाकायच्या आधीच दुकान बंद करायचं, एवढीच त्याची सिद्धी असते. अन् त्या दिवशी कुणी पुढचे ठिपके मागितले नसते, तर आमच्या गावात एक म्हैस मेली असती अन् लोक म्हणाले असते, साखराबाईची श्रद्धा कमी पडली.